वरची डावी हिरडी

वराझदातने आ केला
आणि मला आधी दिसली ती साय.
वरच्या डाव्या हिरडीवर, सुळ्याच्या मागे,
पांढरी, सुरकुतलेली, दुधावर धरते तशी.
चिमट्याने टोक धरलं, तर अलगद सुटून आली.
खाली लालभडक मांस.

इथे काय ठेवत होतास?

अख्ख्या ग्युमरीच्या लग्नांत झुर्ना फुंकणारा माणूस.
खोटं बोलायला निदान तोंड मिटता यावं लागतं,
आणि माझा आरसा आत होता.

ॲस्पिरिन. अर्धी गोळी, गाल आणि हिरडीच्या फटीत.
वडील ठेवायचे. त्यांचे वडील व्होडकाचा बोळा.
"दुखतं तिथेच ठेवली, डॉक्टर शोघेर.
पोटात गेली तर दाताचा पत्ता
ती कुणाला विचारत येणार?"

मास्कच्या आत हसले मी.
गोळीला पत्ता लागतच नाही रे.
रक्ताबरोबर ती घरोघर जाते,
दुखणं शिजतं त्या चुली विझवत.
नुसती हिरडीवर ठेवलीस, तर ती औषध नसते,
आम्ल असते, भाजते.
दुखणं रेड्याला नि डाग पखालीला.
दात ठणकायचा तो ठणकतोच आहे ना?

"साय जाईल. दहाबारा दिवस, मिठाचं कोमट पाणी."
तो उठायला लागला.
"बस. झालं नाही अजून."

कारण बाकीची हिरडी मला फार शहाणी वाटत होती.
दातांवर वर्षांचं किटण, बोटांवर तंबाखूचा पिवळा,
आणि ही फिकट गुलाबी, सूज नाही, तक्रार नाही,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी.

"दुसरं काय घेतोस?"
आयबुप्रोफेन. सकाळी एक. वाजवण्याआधी एक.
नाच लांबला तर.
सप्टेंबरात अकरा लग्नं होती.
मोजत नाही, म्हणाला.

मी मोजायला घेतलं. बारीक सळई, दातामागून दात.
तीन. तीन. चार.
अस्त्घिक लिहीत होती.
सात.
नऊ म्हटलं तेव्हा तिने मान वर केली.

सूज म्हणजे हिरडीने ठोकलेली बोंब.
गोळीने बोंब बसली.
चोर आपला निवांत हाड नेतो आहे,
पोतं भरभरून, दिवसाढवळ्या.

त्या डिसेंबरात मी सहा वर्षांची होते.
सगळी गल्ली खाली आली, एक इमारत राहिली उभी,
खिडक्यांतले पडदेसुद्धा जागच्या जागी.
चौथ्या दिवशी लोक आत जायला लागले,
रजया आणायला, पासपोर्ट, कुणाची तरी शिलाई मशीन.
वडिलांनी माझा हात सोडला नाही.

हे मी वराझदातला सांगितलं नाही.
त्याच्या इमारतीही त्याच्याकडे असतील.

दात निघताना आवाजसुद्धा नाही झाला.
धरून तरी कशाला होता तो?
तोंडात बोळा, डोळ्यांत पाणी, आणि माणसाने
कोटाच्या आतून झुर्ना काढली,
जर्दाळूच्या लाकडाची, तोंडाशी झिजलेली.
भुवयांनीच विचारलं.

"आठवडाभर नाही. फुंकलंस तर खळगा उघडेल.
आणि ॲस्पिरिन नको, रक्त थांबायचं नाही."

बोळ्यातून, अर्धे शब्द गिळत:
"आणि दुखलं तर?"

दुसरी एक गोळी लिहून दिली, दिवसाला किती तेही,
आकड्याखाली दोन रेघा.
"तरी थोडं दुखेलच.
कुठे दुखतं ते नीट बघ, आणि मला येऊन सांग."
असं कुणी त्याला आधी म्हटलं नसावं.
दारात थांबून त्याने टोपी घातली,
काढली, परत घातली.

आठ वाजता शेगडी बंद केली.
बाहेर उणे एकोणीस, काळ्या दगडावर बर्फ.
एकवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून
माझं उजवं मनगट संध्याकाळी माझं राहत नाही.
ड्रॉवरमध्ये पट्टी. दहातले दोन खण भरलेले.
काल किती होते?

घोटभर पाणी घेऊन सरळ गिळली,
हिरडीला लागू न देता.

मग जीभ आपोआप मागे गेली,
खालच्या दाढेशी, आतल्या बाजूला.
दाबून पाहिलं.

दुखत नाही.